काळं पाणी, काळा दगड आणि आमचे गुरुजी

(गणेशोत्सवात सभासदांच्या अनुभवकथनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका केला आहे, पण बोलण्याची पद्धत तशीच ठेवली आहे.)



मला सांगितलंय की वीस मिनिटं बोला आणि साडेआठला आरती आहे. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरवर पाऊण तास बोललेली बाई आहे, हे सेक्रेटरींना आठवत असणार. म्हणून त्यांनी घड्याळ माझ्या समोरच ठेवलंय.

विषय आहे 'आमची अंदमानची सहल'. अंदमानला आपल्या सोसायटीतली निदान आठ-दहा कुटुंबं जाऊन आलीत. तेव्हा समुद्र किती निळा होता आणि स्कूबाचे किती पैसे घेतले, हे मी सांगत बसत नाही. ते फोटोत सगळ्यांनी पाहिलंय. मी सांगणार आहे ते आमच्या घरातल्या एका भांडणाबद्दल. ते भांडण पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात सुरू झालं आणि भूगावात येऊन मिटलं. खरं तर पूर्ण मिटलेलं नाहीच.

माझे सासरे तुम्हा सगळ्यांना माहीत आहेत. आपण त्यांना गुरुजी म्हणतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं, त्यात इतिहास हा जिव्हाळ्याचा विषय. आमच्या हॉलमध्ये शिवाजी महाराजांच्या शेजारी नेताजींचा लष्करी गणवेशातला फोटो आहे, तो त्यांनी पहिल्या पगारातून फ्रेम करून घेतलाय. दर २३ जानेवारीला आपल्या ध्वजाच्या कट्ट्याजवळ ते पंधरा मिनिटं बोलतात, तेही तुम्ही ऐकलेलं आहे. त्यांचा जन्म १९४२ चा. "मी चले जाव च्या वर्षातला," असं ते आल्यागेल्याला सांगतात.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्यांबद्दल स्पष्ट सांगितलं. त्यावर ते मला म्हणाले, "सूनबाई, काशी नको, रामेश्वर नको. पाय आहेत तोवर एकदा सेल्युलर जेल दाखव." झालं, डिसेंबरची तिकिटं काढली. आम्ही दोघं, कॉलेजात जाणारी मोठी, सातवीतला धाकटा आणि गुरुजी.

धाकट्याचा हट्ट वेगळाच होता. त्याच्या भूगोलाच्या पुस्तकात बॅरन बेट आहे. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. त्याला लाव्हा बघायचा होता. म्हणजे एकाला तुरुंग, एकाला ज्वालामुखी, मोठीला समुद्रात पोहायचं, आणि आम्हा नवरा-बायकोला चार दिवस कुणी दारावरची बेल वाजवू नये एवढंच.

पुण्याहून चेन्नई, तिथून पोर्ट ब्लेअर. गावाचं नाव आता श्री विजयपुरम झालंय, पण आमच्या तोंडी जुनंच बसलंय, तेवढं सांभाळून घ्या. विमानतळाला वीर सावरकरांचं नाव. पाटी दिसताच गुरुजींनी व्हीलचेअर थांबवायला लावली, उठून उभे राहिले आणि हात जोडले. मागची रांग अडली. कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सेल्युलर जेल. १८९६ ला बांधायला घेतलं आणि १९०६ ला पुरं झालं. मधे मनोरा आणि त्याला चिकटून सात लांब इमारती, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. एका इमारतीच्या खोल्यांची दारं दुसऱ्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैद्याचं तोंड दिसू नये. सुमारे सातशे कोठड्या, सगळ्या एकेकट्या. सातपैकी आज तीनच इमारती उभ्या आहेत. आवारात सरकारी दवाखाना चालतो. खाली कोलू ठेवलाय. बैलासारखं जुंपून घ्यायचं आणि दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं. म्हणजे आपल्या हिशोबात साडेतेरा किलोच्या वर. धाकट्याने तो ढकलून पाहायचं नाटक केलं, मग स्वतःच बाजूला झाला.

सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, टोकाला. ४ जुलै १९११ ला ते तिथे आले. जिने चढताना गुरुजी तीनदा थांबले. यांनी म्हटलं, "बाबा, खालूनच नमस्कार करा." ते म्हणाले, "तू खाली थांब." कोठडीत गेल्यावर ते भिंतीला हात लावून बराच वेळ उभे होते. बाहेर आल्यावर मोठीला म्हणाले, "मे १९२१ मध्ये त्यांना इथून हलवलं. आणि आपल्या मुळशीचा सत्याग्रह कधी सुरू झाला?" तिला सांगता आलं नाही. मलाही नाही. "१६ एप्रिल १९२१. रामनवमी. महिन्याचं अंतर नाही!" असं म्हणून त्यांनी आमच्या तिघांकडे, शाळेत गृहपाठ न करणाऱ्यांकडे बघावं तसं बघितलं.

इथे नव्याने राहायला आलेल्यांसाठी दोन वाक्यं सांगते. आपण ज्या तालुक्यात राहतो तिथे मुळा नदीवर धरण बांधायला घेतलं, तेव्हा पन्नासएक गावांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. मावळे शेतकरी आडवे पडले. सेनापती बापट त्यांचे पुढारी. १९२१ ते १९२४ तो लढा चालला आणि आपण हरलो. धरण झालं. आपण मुलांना घेऊन पावसाळ्यात जिथे भजी खायला जातो, ते पाणी म्हणजे तेच. गुरुजींच्या आजोबांचं घर आणि भाताची खाचरं त्या पाण्याखाली आहेत. सत्याग्रहात ते तुरुंगातही जाऊन आले, असं घरात सांगतात. त्यांचं नाव कुठल्या दगडावर कोरलेलं आम्ही कधी पाहिलं नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

मग रॉस बेट. आता त्याला नेताजींचं नाव दिलंय, २०१८ पासून. ॲबर्डीन जेट्टीवरून बोटीने पंधरा-वीस मिनिटं. १८५८ पासून इंग्रजांचा सगळा कारभार या एवढ्याशा बेटावरून चालायचा. चर्च, बेकरी, नाचाचा हॉल, पोहण्याचा तलाव, टेनिस, सगळं. समोरच्या किनाऱ्यावर माणसं कोलू ओढतायत आणि इकडे पाव भाजले जातायत. जून १९४१ मध्ये मोठा भूकंप झाला, इमारतींना तडे गेले, पुढच्या वर्षी जपानी आले आणि बेट ओसाड पडलं. आता तिथे चर्चच्या भिंतींना वड-पिंपळाच्या मुळांनी असं गच्च धरलंय की भिंत मुळांनी उभी आहे की मुळं भिंतीवर, ते कळत नाही. हरणं आणि मोर माणसांना न भिता फिरतात. जेट्टीजवळ जपान्यांचा बंकर आहे. जाड सिमेंटची भिंत आणि समुद्राकडे तोंड केलेली अरुंद फट. असे बंकर कॉर्बिन्स कोव्हच्या रस्त्यालाही दिसतात. पोरं त्यात शिरून फोटो काढतात. आमच्याही काढले, खोटं कशाला बोलू.

चॅथम बेटावर १८८३ सालची लाकूड कापायची गिरणी आहे. तिथे जपानी बॉम्ब पडून झालेला खड्डा जपून ठेवलाय. धाकट्याने विचारलं, "आबा, जपान्यांनी आपल्यावर बॉम्ब का टाकला? ते तर नेताजींच्या बाजूचे होते ना?"

गुरुजी म्हणाले, "इंग्रजांवर टाकला रे."

"पण गिरणीत काम करणारे तर आपलेच असतील."

गुरुजींनी उत्तर दिलं नाही. ऊन फार आहे म्हणाले.

खरं म्हणजे आमचा पुढचा कार्यक्रम होता म्युझियम. पण आमच्या टॅक्सीवाल्या दादांनी, म्हातारा माणूस एवढ्या आस्थेने सगळं बघतोय म्हणून, स्वतःहून विचारलं, "होम्फ्रेगंज दिखाऊँ? उधर टूरिस्ट लोग नहीं जाते." दादांचा जन्म तिथलाच. त्यांच्या पूर्वजांना काळ्या पाण्यावर पाठवलं होतं. पणजोबा एका प्रांतातले, पणजी दुसऱ्या, आणि घरात सगळे हिंदी बोलतात. अंदमानात अशी पुष्कळ घरं आहेत.

होम्फ्रेगंज शहराबाहेर आहे. तिथे एक स्मारक आहे, साधंसं. दादांनी वाटेत आणि तिथे उभं राहून जे सांगितलं, ते मी घरी आल्यावर पुस्तकांत पडताळून पाहिलं, कारण आधी माझा विश्वास बसला नव्हता.

२३ मार्च १९४२ ला जपानी फौज पोर्ट ब्लेअरला उतरली. इंग्रजांचं सैन्य आधीच निघून गेलेलं, त्यामुळे लढाई झालीच नाही. इंग्रज गेले म्हणून पुष्कळ लोकांना बरंच वाटलं. पण दोन-तीन दिवसांतच सैनिक घराघरांत शिरून कोंबड्या, अंडी, जे मिळेल ते उचलायला लागले. झुल्फिकार अली नावाच्या तरुणाने चिडून एअरगन उडवली. कुणी मेलं नाही, पण त्या मुलाला चारचौघांदेखत हालहाल करून मारलं. पुढे हेरगिरीच्या संशयावरून धरपकड सुरू झाली. ज्या सेल्युलर जेलमधले राजबंदी १९३७-३८ मध्ये मायदेशी परत पाठवून ते रिकामं झालं होतं, त्याच कोठड्यांत आता तिथलेच मास्तर, कारकून, डॉक्टर, व्यापारी. डॉक्टर दिवाणसिंग हे पंजाबी कवी, तिथल्या इंडियन इंडिपेंडन्स लीगचे प्रमुख, म्हणजे नेताजींच्या चळवळीतलेच. त्यांनाही धरलं होतं.

२९ डिसेंबर १९४३ ला नेताजी पोर्ट ब्लेअरला आले. ३० तारखेला त्यांनी जिमखाना मैदानावर तिरंगा फडकवला. बेटांना नावं दिली, शहीद आणि स्वराज. हे सगळं आपण गुरुजींच्या तोंडून ऐकलंय. आपल्याला जे माहीत नव्हतं, ते असं की त्या दिवशी दिवाणसिंग त्याच तुरुंगात होते. जपानी अधिकारी नेताजींच्या सतत भोवती होते आणि आत डांबलेल्या या माणसांपर्यंत त्यांना पोचू दिलं नाही, असं तिथली जुनी माणसं सांगत आली. १४ जानेवारी १९४४ ला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, छळ सोसून दिवाणसिंग गेले. आणि ३० जानेवारीला, झेंडा फडकल्याला बरोबर महिना झाला त्या दिवशी, चव्वेचाळीस जणांना तुरुंगातून काढून होम्फ्रेगंजला आणलं आणि गोळ्या घातल्या. त्यातले बहुतेक लीगचेच सभासद होते.

गुरुजी त्या स्मारकासमोर उभे राहिले. चष्मा काढून पुसला, परत लावला. टोपी काढली. मग दादांना विचारलं, "आपका कोई था इसमें?" दादा म्हणाले, "हमारा नहीं था. पर इतना छोटा गाँव था, बाबूजी, सबका कोई न कोई था."

परतीच्या वाटेवर गाडीत कुणीच बोललं नाही.

रात्री जेवताना भांडण झालं. मोठी बोलून गेली, "आबा, तुम्ही इतकी वर्षं शिकवलं ते अर्धवटच होतं की."

तिचा सूर उद्धट नव्हता, पण शब्द लागायचा तो लागला. गुरुजी ताटावरून उठले. "त्या माणसानं देशासाठी काय सोसलं ते तुला चार बुकं वाचून कळायचं नाही," एवढं बोलून खोलीत गेले. यांनी मुलीला झापलं. मुलगी म्हणाली, "मी नेताजींना काही बोललेच नाही. मी म्हणतेय, त्या चव्वेचाळीस जणांना कुणी का सांगत नाही?" धाकटा रडायला लागला, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे ज्वालामुखीला जायचं होतं आणि आता सगळंच रद्द होणार असं त्याला वाटलं.

मी गुरुजींना दूध घेऊन गेले. ते खिडकीत बसले होते. मला म्हणाले, "पोरगी खोटं बोलत नाही गं. पण या वयात मी काय काय परत शिकू?"

मला काय बोलावं सुचलं नाही. दूध ठेवलं आणि आले.

पहाटे तीनला बाराटांगला निघालो. गुरुजी कपडे करून आमच्याआधी तयार. बाराटांगच्या वाटेवर जारवा आदिवासींचं राखीव जंगल लागतं. जिरकाटांगच्या चौकीपासून पोलीस बंदोबस्तात गाड्यांचा ताफा सोडतात, वाटेत थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही. आणि काढू नयेच. ती त्यांची घरं आहेत, प्राणिसंग्रहालय नव्हे. पुढे बोट, मग मातीचा ज्वालामुखी.

त्याबद्दल धाकट्याचं मत तुम्ही त्याच्याकडूनच ऐका. तो म्हणाला, "हे? हे तर आपल्या ड्रेनेजचं चेंबर उघडल्यासारखं आहे." कुंपण घातलेलं, त्यात राखाडी चिखलाचा छोटा उंचवटा, मधूनमधून बुडबुडा येतो, फुटतो. लाव्हा नाही, धूर नाही. जमिनीखालचा वायू चिखल वर ढकलतो, एवढंच. खरा ज्वालामुखी, बॅरन, तिथून पूर्वेला भर समुद्रात, पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १४० किलोमीटर. तिथे माणसांना उतरू देत नाहीत, फार तर बोटीतून लांबून बघायचं, आणि आमच्या चार दिवसांत तशी बोट नव्हती. पोराचा चेहरा एवढा झाला.

मी त्याला वाचलेलं सांगितलं. हा बॅरन सुमारे दीडशे वर्षं गप्प होता आणि १९९१ मध्ये एकदम जागा झाला, तेव्हापासून अधूनमधून धुमसतोय. आपल्या भारताचा भूभाग तिथे शेजारच्या तबकाखाली सरकत जातो. त्याच घुसण्यामुळे बॅरन तापतो, आणि त्यामुळेच २६ डिसेंबर २००४ चा भूकंप आणि त्सुनामी. निकोबारच्या टोकाचा इंदिरा पॉइंट त्या दिवशी चार मीटरहून जास्त खचला. तो ऐकून घेत होता, पण त्याचं समाधान काही झालं नाही. त्याला लाल लाव्हा हवा होता.

शेवटचे दोन दिवस हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. राधानगरचा किनारा, पांढरी वाळू. मोठी पाण्यातून बाहेर यायला तयार नाही. तिथे गुरुजी वाळूत खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांनीच मला सांगितलं. टॅक्सीवाल्या दादांकडून ते आदल्या दिवशी सगळं विचारून घेऊन आले होते, मास्तर शेवटी. १९४५ च्या ऑगस्टमध्ये पोर्ट ब्लेअरला अन्न संपत आलं, तेव्हा जपान्यांनी शेकडो माणसांना 'शेती करायला नेतो' म्हणून बोटींत भरलं आणि रात्री हॅवलॉकजवळ समुद्रात उतरायला लावलं. पुष्कळ बुडाले. जे किनाऱ्याला लागले, त्यांतलेही बहुतेक उपाशी मेले. पुढच्या काही दिवसांत युद्ध संपलं.

"तीच वाळू ही," ते म्हणाले. मग मोठीला हाक मारली. मला वाटलं आता पुन्हा सुरू. ते तिला म्हणाले, "पोह तू. पोह. पण परत गेल्यावर मला ते चव्वेचाळीस लिहून दे. तुझं अक्षर मोठं आहे, मला चष्म्याशिवाय वाचता येईल."

तेवढंच. माफी वगैरे कुणी मागितली नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही.

घरी आलो. एका रविवारी गुरुजी धाकट्याला म्हणाले, "चल, तुला ज्वालामुखी दाखवतो." यांनी गाडी काढली. पौडवरून ताम्हिणीच्या रस्त्याला लागलो. एका वळणावर डोंगराची कापलेली कड दिसते तिथे गाडी थांबवली. काठीने दाखवत म्हणाले, "मोज." एकावर एक काळ्या कातळाचे थर. जिन्याच्या पायऱ्या असतात तसे. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हाचा एकेक लोट, वर येऊन पसरला आणि थिजला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. खाली पडलेला एक दगड त्यांनी पोराच्या हातात दिला. काळा, जड, त्यात पांढऱ्या स्फटिकांचे ठिपके. लाव्हातून वायूचे बुडबुडे निघून जी भोकं राहिली, त्यांत नंतर हे पांढरं भरलं. "तो चिखलाचा बुडबुडा बघितलास ना? हाही बुडबुडाच. फक्त थिजलेला."

पोराने विचारलं, "म्हणजे आपण ज्वालामुखीवर राहतो?"

राहतोच. ज्या जुन्या सभासदांनी २००० साली आपल्या इमारतींचा पाया खणताना पाहिलाय, त्यांना आठवत असेल की आठ फुटांवर कातळ लागला आणि ब्रेकर महिनाभर धडधडत होता. तोच लाव्हा. आपली बोअर मे महिन्यात का आटते, तेही यातच आहे. या कातळात पाणी भेगांतूनच मिळतं, भेग लागली तर लागली. टँकरचा विषय मी आज काढणार नाही असं ठरवलं होतं, पण आलाच.

तिथून गुरुजींनी गाडी धरणाकडे घ्यायला लावली. काठावर उभे राहून पोरांना हात करून दाखवलं. "तिकडे, त्या दोन टेकड्यांच्या मधे आपलं घर होतं. मीही बघितलेलं नाही. माझे वडील लहानपणी मला इथे आणून असंच हात करून दाखवायचे." मग म्हणाले, "होम्फ्रेगंजला निदान दगड तरी आहे."

तेव्हा मला कळलं की त्या स्मारकासमोर त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं. मी समजत होते नेताजींचं. ते होतंच, पण तेवढंच नव्हतं. जिंकणाऱ्यांच्या गोष्टीत ज्यांना जागा मिळत नाही, त्यांच्यातला एक त्यांच्या घरातलाच होता. स्वतःच्या आजोबांचं नाव कुणी घेत नाही याचं ज्याला आयुष्यभर वाईट वाटलं, त्या माणसाने छत्तीस वर्षं त्या चव्वेचाळीस जणांचं नाव घेतलं नव्हतं. कळूनसवरून नव्हे, माहीतच नव्हतं म्हणून. पण त्यांना ते लागलं.

या २३ जानेवारीला ते कट्ट्यावर काय बोलले ते तुम्ही ऐकलंय. नेताजींना हार घातला, नेहमीसारखा. पंधरा मिनिटांतली दहा नेहमीची. आणि मग खिशातून मोठ्या अक्षरातला कागद काढून त्यांनी होम्फ्रेगंज सांगितलं. दिवाणसिंग सांगितले. त्यानंतर तुमच्यापैकी काहींनी मला जिन्यात गाठून विचारलं की आजच्या दिवशी हे कशाला काढलं? मुलांसमोर काय गरज होती? एकांनी तर, आपलेच आहेत म्हणून सांगते, दोन आठवडे गुरुजींशी बोलणं टाकलं. मी तेव्हा काही बोलले नाही. आज माइक माझ्या हातात आहे म्हणून उत्तर देते.

गुरुजींना मी हेच विचारलं होतं. ते म्हणाले, "सूनबाई, ज्या माणसावर माझा जीव आहे त्याच्याबद्दल सगळं कळल्यावरही तो राहतो का, ते बघायला नको? माझा राहिला. मग पोरांपासून काय लपवू?" फोटो अजून तिथेच आहे. त्याच्या खाली आता मोठीच्या अक्षरातला कागद काच लावून ठेवलाय, आणि त्याच्या शेजारी ताम्हिणीचा काळा दगड.

बोलणं टाकलेल्या त्या काकांनी गेल्या महिन्यात गुरुजींना पायरीवर हात दिला आणि वरपर्यंत सोडायला आले. वाद अजून चालू आहे, चहाबरोबर. चालू राहू दे.

घड्याळात तीन मिनिटं उरलीत. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी पटापट चार गोष्टी. डिसेंबरात तिथे पाचलाच उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचला अंधार होतो, त्यामुळे सकाळी आठला उठणाऱ्यांचा अर्धा दिवस गेला. ज्येष्ठांसाठी विमानतळावर व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. बोटीत समुद्र लागतो, गोळी आधी घ्या, नंतर नव्हे. बाराटांगला जाताना पोटात काही असू द्या. शंख, प्रवाळ उचलून आणू नका, कायद्याने बंदी आहे. आणि एक सकाळ होम्फ्रेगंजसाठी ठेवा. तिकीट नाही, गर्दी नाही. दहा मिनिटं उभं राहायचं.

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. या स्मरणिकेत पहिल्या कमिटीचे फोटो येणार, बिल्डरकडून कन्व्हेयन्स करून घेण्यासाठी कोण किती हेलपाटे घातले ते येणार, यायलाच हवं. माझी कमिटीला एक विनंती आहे. ज्यांनी हा पाया खणला त्या मजुरांची वस्ती पहिली दोन वर्षं आता पार्किंग आहे तिथे होती. त्यांच्यातला एक जण काम करताना पडून गेला, हे पहिल्या दिवसापासून इथे राहणाऱ्यांना ठाऊक आहे. त्याचं नाव आपल्यापैकी कुणाला आठवत असेल तर ते या पुस्तकात एका ओळीत छापा. गुरुजींनी मला हे सांगायला लावलेलं नाही. हे माझं मलाच वाटलं.

झालं. आरतीला उशीर नको. गणपती बाप्पा मोरया.